कॅम्पिंग ट्रेलरमधला छोटा फ्रिज : त्याच्याकडून पुरेपूर काम कसं घ्यावं?

रानवाट (सॅन होजे)

शाळांना सुट्ट्या लागल्या की इथे एक तक्रार हमखास येते. हौसेने कॅम्पिंग ट्रेलर घेतला, त्यात ओट्याखाली एक इवलासा फ्रिज आहे, पण तो थंडच होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने सामान भरलं, फ्रिज चालू केला, रात्री मुक्कामाला पोचलो आणि सकाळी चहाला दूध नासलेलं. मग त्या फ्रिजचं कपाट होतं, त्यात ताटल्या जातात आणि रोज बर्फाच्या पिशव्या विकत आणणं सुरू होतं.

हा त्या फ्रिजवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतेय. आमचा कॅनव्हासचा पॉप-अप ट्रेलर आहे. फ्रिज १.९ घनफुटांचा, म्हणजे साधारण ५४ लिटर. तेवढ्यात चौघांचं तीन-चार दिवसांचं खाणं व्यवस्थित राहतं, फक्त त्याचा स्वभाव ओळखायला हवा. हा फ्रिज गरम वस्तू गार करायला नाही, गार वस्तू गार ठेवायला आहे. बाकीच्या सगळ्या युक्त्या यातूनच निघतात.

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. ट्रेलरमधल्या या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये तो नसतो, एकही फिरणारा भाग नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली प्रोपेनची छोटी ज्योत किंवा विजेचं हीटर असतं. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन गार होतो, द्रव बनतो, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची वाफ होते आणि ती होताना फ्रिजच्या आतली उष्णता घेऊन जाते. पुन्हा पाण्यात विरघळतो आणि खाली येतो. ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकत असलेल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी शोधली आणि १९२५ मध्ये ती इलेक्ट्रोलक्स कंपनीकडे गेली. शंभर वर्षं झाली तरी मूळ रचना तीच आहे. आगीवर चालणारा, अजिबात आवाज न करणारा फ्रिज! मला तर हे अजूनही थोर वाटतं.

पण या पद्धतीचा वेग फार कमी. चालू केल्यावर आत गारवा जाणवायलाच चार-सहा तास जातात आणि पूर्ण थंड व्हायला बारा ते चोवीस. त्यामुळे शुक्रवारी निघायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी ट्रेलर घरच्या विजेला जोडा आणि फ्रिज चालू करून ठेवा. रिकामा नाही, आत फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून. शुक्रवारी त्या बदलून नव्या गोठलेल्या बाटल्या टाका आणि मग घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार झालेलं सामान भरा. बाजारातून आणलेलं कोमट दूध थेट ट्रेलरमध्ये ठेवू नका.

बाटल्यांचं महत्त्व आकड्यांत सांगते. २ लिटर पाणी ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला साधारण ७२ वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. उलट १ किलो बर्फ नुसता वितळताना ९३ वॉट-तास उष्णता स्वतःत घेतो. म्हणजे एक कोमट कोकची मोठी बाटली आत ठेवली तर तुम्ही फ्रिजवर ओझं टाकलंत, आणि गोठलेली बाटली ठेवलीत तर त्याला मदतनीस दिलात. शेवटच्या दिवशी तेच पाणी प्यायला होतं.

दुसरी गोष्ट, ट्रेलर समतल उभा करणं. नळ्यांमधला द्रव निव्वळ गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. ट्रेलर कलता असेल तर तो मध्येच साचतो, खालचा भाग कोरडा तापतो आणि गंजू नये म्हणून पाण्यात घातलेल्या रसायनाचे खडे होऊन नळी कायमची बंद पडते. बऱ्याच फ्रिजच्या पुस्तिकेत एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश एवढीच सूट असते. चालत्या गाडीत हिंदकळून द्रव हलता राहतो, तेव्हा धोका नाही. धोका तासन्‌तास एका कुशीवर उभं राहण्यात आहे. मी फ्रीझरच्या तळावर गोल बुडबुड्याची छोटी लेव्हल चिकटवलीय. मुक्कामाला पोचल्यावर आधी ती बघायची आणि चाकाखाली फळ्या घालायच्या.

खाण्याचं काय न्यायचं, कसं भरायचं यावर इथे माझ्याहून जाणती मंडळी आहेत. त्यांनी लिहावं.

---

चुलीवरची (अ‍ॅन आर्बर)

रानवाट, फार छान सुरुवात. भरण्याबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरात हे खातं माझं.

माझा पहिला प्रश्न नेहमी हा असतो : ही वस्तू फ्रिजमध्ये जायलाच हवी का? आपल्याकडे प्रवासाचा स्वयंपाक फ्रिज नसतानाच्या काळात घडला आहे, त्याचा उपयोग का करू नये? तूप, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, गूळ यातलं काहीही फ्रिजला लागत नाही. दशम्या दुधात भिजवल्या की पहिल्या दिवशीचं जेवण निघतं. तिखटमिठाच्या पुऱ्या दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तम. दूधसुद्धा न उघडलेलं टेट्रा पॅकचं न्यावं. ते बाहेर राहतं, उघडल्यावरच फ्रिजमध्ये जातं. लोणी नेण्याऐवजी तूप नेलं की एक कप्पा मोकळा.

अंड्यांच्या बाबतीत मात्र भारतातली सवय इथे चालवू नका. अमेरिकेत दुकानातली अंडी धुतलेली असतात, कवचावरचा नैसर्गिक थर निघून गेलेला असतो. ती फ्रिजमध्येच हवीत. मी एका वेळी जास्त अंडी नेत नाही आणि पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी छोटा प्लास्टिकचा डबा वापरते, खोकं फार जागा खातं.

आता जे फ्रिजमध्ये जातं ते. राजमा, छोले, मटकीची उसळ, रस्सा, हे सगळं आदल्या दिवशी करून झिपच्या पिशवीत भरायचं, हवा काढून पिशवी आडवी ठेवायची आणि सपाट पाटीसारखं गोठवायचं. गोठलेल्या पाट्या पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. त्या जेवण आहेत आणि बर्फही आहेत. शेवटच्या दिवशीची पिशवी तळाशी आणि मागच्या भिंतीवरच्या थंड धातूच्या पट्ट्यांच्या जवळ, पहिल्या दिवशीची पुढे.

गोल डबे घरी ठेवा. चौकोनी डब्यांतच जागा वाचते. पण खच्चून भरू नका, हवा फिरायला वाट हवी. आतल्या मागच्या भिंतीवरच्या त्या धातूच्या पट्ट्यांतूनच गारवा येतो. त्यांना डबा टेकवून ठेवला तर तोच डबा गोठतो आणि बाकी सामान कोमट राहतं.

कोथिंबीर निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून कागदी रुमालात गुंडाळून डब्यात. आलं-लसूण-मिरचीचं वाटण बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे ठोकळे. दह्याचा मोठा डबा मी नेत नाही. दोन चमचे विरजण नेते, उरलेल्या दुधाला रात्री लावते. मिशिगनच्या वरच्या भागात जुलैतही रात्री गारठा असतो, तेव्हा पातेलं चादरीत गुंडाळून ठेवते आणि सकाळी लागलं की मग फ्रिजमध्ये.

आणि थंड पेयं. ती वेगळ्या कूलरमध्ये, बाहेर बाकाखाली. मुलं दर दहा मिनिटांनी दार उघडतात ते पेयांसाठीच. दार उघडलं की आतली गार हवा पायांवर ओघळून जाते आणि या फ्रिजला ती परत मिळवायला फार वेळ लागतो.

---

गोदाकाठ (फीनिक्स)

उष्ण हवेतला अनुभव टाकतो.

मोटामोटी हिशेब असा की हा फ्रिज बाहेरच्या तापमानाच्या साधारण २२ अंश सेल्सियस खाली जातो. बाहेर २५ असेल तर आत ३-४, उत्तम. बाहेर ३८ असेल तर आत १६, म्हणजे फ्रिज नव्हेच. यात 'बाहेर' म्हणजे कॅम्पग्राउंडचं हवामान नव्हे, फ्रिजच्या पाठीमागच्या पोकळीतली हवा. दुपारचं ऊन ट्रेलरच्या त्या बाजूवर पडत असेल तर ती पोकळी भट्टी होते.

म्हणून जागेवर ट्रेलर लावतानाच बघायचं की फ्रिजची बाजू पश्चिमेला येऊ नये. उत्तर किंवा पूर्व सगळ्यात बरी. झाड असेल तर त्याची सावली दुपारी दोन ते सहा कुठे पडेल त्याचा अंदाज घ्यायचा. काहीच जमत नसेल तर छताला चादर किंवा ताडपत्री बांधून त्या भिंतीवर सावली करायची, पण हवेच्या जाळ्यांपासून हात-दीड हात लांब. जाळ्या झाकल्या तर सगळा उद्योग उलटा होईल, आणि गॅसवर चालू असेल तर धोकाही आहे.

दुसरा उपाय पंख्याचा. बाहेरून खालची आणि वरची अशा दोन जाळ्या असतात. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. १२ व्होल्टवर चालणारा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला १२ सेंटिमीटरचा पंखा वरच्या जाळीच्या आतून, हवा बाहेर फेकेल असा बसवला की फरक स्वच्छ कळतो. वीज नगण्य खातो. तो ज्योतीपासून लांब, वरच्या बाजूलाच बसवायचा. फ्रिजच्या आतही बॅटरीवर चालणारा छोटा पंखा मिळतो, त्याने वरचा आणि खालचा कप्पा सारखे राहतात.

आतल्या मागच्या भिंतीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर एक छोटी क्लिप असते, तापमान मोजणारी. अनेक मॉडेलमध्ये ती वर सरकवली की फ्रिज जास्त थंड होतो, खाली सरकवली की कमी. बटण नसलेल्या फ्रिजमध्ये तेच बटण समजा.

---

नवा_गडी (डॅलस)

पहिलाच ट्रेलर घेतलाय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. फ्रिज १२ व्होल्टवरही चालतो असं विकणाऱ्याने सांगितलं. मग गाडी चालवताना १२ व्होल्टवर आणि पोचल्यावर रात्रभरही त्यावरच ठेवला तर चालेल ना? आमच्या कॅम्पग्राउंडला विजेची जोडणी नाही.

---

रानवाट

नवा_गडी, प्रश्न अगदी योग्य आहे आणि बहुतेकांचा घात इथेच होतो. या प्रकारच्या फ्रिजमध्ये १२ व्होल्टचं काम म्हणजे एक हीटर सतत तापवणं. तो १० ते १२ अँपिअर ओढतो. ट्रेलरवरची नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ७५ अँपिअर-तासांची, त्यातले निम्मेच वापरावेत असा नियम. म्हणजे तीन-चार तासांत बॅटरी आडवी, मग दिवे नाहीत आणि पाण्याचा पंपही नाही.

गाडी चालू असताना इंजिनाकडून सात पिनांच्या जोडणीतून थोडा करंट येतो, पण तार लांब आणि बारीक असल्यामुळे तो अनेकदा अपुरा पडतो. तेव्हा १२ व्होल्ट फक्त चालत्या गाडीत आणि तेही गारवा टिकवण्यापुरतं. थांबलात की बंद. जेवायला तासभर थांबलात तरी बंद.

मुक्कामाला वीज नसेल तर प्रोपेन. छोट्या फ्रिजची ज्योत अगदी मिणमिणती असते. २० पौंडी सिलिंडर नुसत्या फ्रिजला सहज दोन-तीन आठवडे पुरतो. वीज असेल तर १२० व्होल्ट.

---

अण्णा (मेरीलँड)

एक कळकळीची सूचना. गाडी चालवताना प्रोपेनवर फ्रिज चालू ठेवणारे अनेक जण आहेत. मी कधीच ठेवत नाही. पेट्रोल पंपावर शिरताना ट्रेलरच्या कुशीत उघडी ज्योत पेटलेली असते, आणि रस्त्यात अपघात झाला तर गॅसची नळी तुटून तिला आग मिळते.

शिवाय बोगद्यांचे नियम आहेत. आमच्या बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून १० पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला बंदी आहे, मग तो चालू असो की बंद. पूर्वी असे लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून तो पूल कोसळला, तेव्हापासून शहराभोवतीच्या ६९५ क्रमांकाच्या रिंगरोडच्या पश्चिमेकडच्या बाजूने पूर्ण वळसा घालावा लागतो. नकाशाचं अ‍ॅप हे सांगत नाही, ते सरळ बोगद्यात नेतं. या बाजूने येणाऱ्यांनी आधीच मार्ग ठरवावा.

---

गोदाकाठ

अण्णा, पूर्ण सहमत नाही. फीनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना बाहेर ४२ अंश असतात. बंद फ्रिज तीन तासांत कोमट होईल ही भीती खरी आहे. अनेक ट्रेलरमध्ये नळी तुटली तर आपोआप गॅस बंद करणारी झडपही असते.

---

रानवाट

गोदाकाठ, झडपेवर माझा इतका भरवसा नाही, आणि गरजही नाही. आधी चोवीस तास थंड केलेला, गोठलेल्या पाट्या आणि बाटल्या भरलेला फ्रिज दार न उघडता चार-पाच तास आरामात काढतो. जास्तच लांबचा पल्ला असेल तर अर्ध्या वाटेत बर्फाची एक पिशवी घ्यायची, डब्यात रिकामी करायची आणि आत ठेवायची. ज्या फ्रिजला आपण आधीपासून काम कमी दिलंय त्याला रस्त्यात पेटवायची वेळच येत नाही. मी अण्णांच्या बाजूची आहे.

गाडी सुटण्याआधी दाराची खिट्टी दोनदा बघा आणि कप्प्यांना आडव्या स्प्रिंगच्या दांड्या लावा. घाटातल्या पहिल्या वळणावर डाळीचा डबा दारावर आपटतो.

---

डोंगरवारा (फोर्ट कॉलिन्स)

उंचीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेक पुस्तिकांत ५,५०० फुटांच्या वर प्रोपेनवर फ्रिज नीट चालेलच असं नाही, असा इशारा असतो. हवा विरळ, ज्योतीला प्राणवायू कमी, मग ती पिवळी पडते, काजळी धरते किंवा विझते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधलं मोरेन पार्क कॅम्पग्राउंड ८,००० फुटांच्या वर आहे. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ ७,००० च्या आसपास. गोदाकाठच्या फ्लॅगस्टाफचंही तेच. वर वीज मिळत असेल तर तिकडे वीजच वापरा. नसेल तर ज्योत दिवसातून दोनदा बघा. दिलासा एवढाच की उंचावर हवा गार असते आणि रात्री फ्रिजला फारसं काम नसतं.

वाऱ्यानेही ज्योत विझते. जोराचा वारा जाळीवर समोरून येत असेल तर ट्रेलरची दिशा बदला.

हंगामाच्या सुरुवातीला बर्नर साफ करणं मात्र चुकवू नका. प्रोपेनच्या बर्नरच्या नळीत कोळी जाळी करतात, वर गंज आणि काजळीचे पोपडे पडतात. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर, मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने साफ करायचं. गॅसच्या बारीक छिद्रात तार किंवा टाचणी घालू नये, छिद्र मोठं होतं. ज्योत निळी, स्थिर आणि हलका घुरघुर आवाज करणारी हवी. एवढं केलं की बरेच 'बिघडलेले' फ्रिज सुधारतात.

---

शीतकण (बोस्टन)

माझं काम अन्नातल्या जंतूंशी संबंधित आहे, म्हणून थोडं कडक लिहिते.

फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा. हात घालून 'गार लागतंय' म्हणणं पुरेसं नाही, १२ अंशसुद्धा हाताला गारच लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची मर्यादा ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये साधारण ४. त्याच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं शिजवलेलं अन्न, मांस, पनीर, उघडलेलं दूध टाकून द्यावं. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. दारात ठेवलेलं थर्मामीटर फसवतं. पाणी भरलेल्या पेल्यात, मधल्या कप्प्यात ठेवलं तर खरं तापमान कळतं.

भाताची विशेष काळजी घ्या. 'रात्रीचा भात सकाळी फोडणीला' ही आपली आवडती गोष्ट आहे, पण शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. घरी भात पटकन गार करून मोठ्या फ्रिजमध्ये टाकता येतो. ट्रेलरच्या फ्रिजला गरम पातेलं गार करणं जमत नाही, वर शेजारचं दूधही तापतं. त्यामुळे कॅम्पवर भात लागेल तेवढाच करा. उरलाच तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून, पसरट डब्यात पूर्ण गार करून मगच आत.

वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका. आजारी पाडणाऱ्या अनेक जंतूंचा वास येत नाही, आणि जवळचं इस्पितळ दोन तासांवर असतं.

---

चुलीवरची

शीतकण, भाताचं वाचून आमच्याकडचा एक नियम बदलला. आता सकाळी पोहे.

---

रानवाट

शीतकण, मनापासून आभार. पहिल्याच पोस्टमध्ये थर्मामीटर यायला हवं होतं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आता माझ्यासारख्या कॅनव्हासवाल्यांसाठी एक मुद्दा. योसेमिटीत अस्वलांमुळे अन्न ठेवण्याचे नियम कडक आहेत. पूर्ण कडक भिंतींचा ट्रेलर असेल तर खिडक्या-दारं बंद करून, दिसणार नाही असं अन्न आत ठेवता येतं. पॉप-अप किंवा कॅनव्हासच्या भिंती असतील तर नाही. मग अन्न, साबण, टूथपेस्ट, वास येणारं सगळं जागेवरच्या लोखंडी लॉकरमध्ये. म्हणजे तुमचा सुंदर थंड केलेला फ्रिज तिथे रिकामाच ठेवायचा.

त्यामुळे योसेमिटीला जाताना मी प्रवासापुरता फ्रिज वापरते आणि पोचल्यावर सगळं कूलरमध्ये हलवते. कूलर लॉकरमध्ये मावतो ना, हे पार्कच्या संकेतस्थळावर मापं बघून घरीच तपासा. गोठलेल्या पाट्या आणि बाटल्या तिथेही तेच काम करतात. रिकाम्या फ्रिजलाही अन्नाचा वास असतो, तो सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या.

---

स्वान_किनारा (पर्थ)

इकडे कॅरव्हॅन म्हणजे जीव की प्राण, म्हणून ऑस्ट्रेलियातली एक माहिती. फ्रिजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' वर्ग ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' म्हणजे ट्रॉपिकल ४३ पर्यंत. नलारबॉरचं उजाड मैदान पार करणारे लोक 'टी' बघूनच घेतात. जुना ट्रेलर घेताना हे अक्षर शोधा, ते कळलं तर फ्रिजकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

आणि आता इकडे बहुतेक नवे कॅरव्हॅन १२ व्होल्ट कॉम्प्रेसरचे फ्रिज घेऊनच येतात. ते समतल नसलं तरी चालतं, दोन तासांत गार होतात, उन्हाळ्याची तमा नाही. रानवाटताई, तुमच्या कष्टांचा आदर आहे, पण फ्रिज बदलणं हाच खरा उपाय नाही का?

---

रानवाट

ज्याला नवा घ्यायचाच आहे त्याने कॉम्प्रेसरचाच घ्यावा, यात वाद नाही. पण त्याचा अन्नदाता बॅटरी आहे हे विसरू नये. ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज मध्यम हवेत दिवसाला २५ ते ३५ अँपिअर-तास खातो. लिथियमची १०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ढगाळ हवेतही दोन-तीन दिवस निघतात. जुनी लेड-अ‍ॅसिड असेल तर एकच. १०० वॉटचं सोलर पॅनेल उघड्या उन्हात हे भरून काढतं, पण आमच्याकडे रेडवुडच्या जंगलात ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. तिथे एका सिलिंडरवर आठवडाभर मुकाट चालणारा हा जुना फ्रिजच मला जवळचा. आणि त्यातही सामान आधी गार करून भरायचं, दार कमी उघडायचं, बाटल्या गोठवायच्या, हे सगळं लागू आहेच. कॉम्प्रेसर तितका कमी वेळ चालतो, बॅटरी तितकी जास्त टिकते.

---

तांबडी_माती (नागपूर)

सगळा धागा वाचला. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून मित्र आणि मी एका जुन्या व्हॅनमध्ये झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करतोय. गोदाकाठांचा २२ अंशांचा हिशेब आमच्या मे महिन्याला लावला तर ४५ मधून २२ वजा, आत २३! म्हणजे विदर्भात गॅसवरचा फ्रिज विचारातच घ्यायला नको. कॉम्प्रेसरचा घेतोय. तो सीटखाली बसवायचा विचार आहे, हवा कुठून खेळवावी?

---

गोदाकाठ

तांबडी_माती, सीटखाली बंद खोक्यात ठेवू नका. कॉम्प्रेसर ज्या बाजूला गरम हवा फेकतो तिकडे किमान चार बोटं मोकळी जागा आणि सीटच्या फळीला खाली-वर भोकं हवीत. मेमध्ये उन्हात उभ्या बंद व्हॅनमध्ये साठ अंशांच्या घरात हवा जाते, तेव्हा कुठलाच फ्रिज निभावणार नाही. छताला बाहेर हवा फेकणारा पंखा आधी बसवा, फ्रिज नंतर.

---

नवा_गडी

सगळं करून बघितलं. लेव्हल लावली, बर्नर साफ केला, चोवीस तास विजेवर ठेवला. तरी आत गारवा नाही. मागची जाळी काढली तर डोळ्यांना झोंबणारा वास आला आणि एका नळीवर पिवळी पूड दिसतेय.

---

डोंगरवारा

ताबडतोब बंद करा. गॅस आणि वीज दोन्ही, आणि ट्रेलरची दारं-खिडक्या उघडा. झोंबणारा वास अमोनियाचा आणि पिवळी पूड नळीतल्या गंजरोधक रसायनाची. नळी फुटली आहे. ती पूड विषारी आहे, हात लावू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. गळतीबरोबर हायड्रोजनही बाहेर पडतो, त्यामुळे जवळ ज्योत नको. ही दुरुस्ती घरी होत नाही. मागचं पूर्ण युनिट बदलावं लागतं किंवा फ्रिजच. तुमच्याकडे आता कॉम्प्रेसर घ्यायचं सबळ कारण आहे.

---

नवा_गडी

बंद केला. ट्रेलर अंगणात उघडा ठेवलाय, उद्या माणूस बोलावतो. या वीकेंडला कूलरच. चुलीवरचीताई, त्या गोठलेल्या पाट्या कूलरमध्ये किती टिकतील? आणि इडलीचं पीठ न्यायचं होतं, बायकोने भिजत घातलंय.

---

चुलीवरची

पाट्या खाली, त्यावर बाटल्या, वर बाकीचं सामान. कूलर काठोकाठ भरलेला असू दे, मोकळी जागा राहिली तर घडी केलेला टॉवेल घाला. सावलीत ठेवलात आणि पेयांचा कूलर वेगळा केलात तर रविवार सकाळपर्यंत काळजी नाही. तरी थर्मामीटर ठेवा.

इडलीचं पीठ घरीच पूर्ण आंबवून, रात्रभर फ्रिजमध्ये गार करून मग न्या. डॅलसच्या हवेत कूलर कोमट झाला की ते पुन्हा फुगायला लागतं. मोठ्या डब्यात भरा, वर चार बोटं जागा सोडा आणि शनिवारी सकाळीच संपवा.